कॅमेऱ्याच्या आधीची व्हेनिसची चित्रे कितपत खरी मानावीत?

अठराव्या शतकातील व्हेनिसची चित्रे छायाचित्रांइतकी रेखीव दिसतात, मग ती त्या काळच्या शहराचा पुरावा म्हणून धरता येतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तपशिलाच्या बाबतीत ती बरीच विश्वासार्ह आहेत. एकूण मांडणीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

पूर्वी धार्मिक चित्रांच्या पार्श्वभूमीला दिसणारे शहर सतराव्या शतकात हॉलंडमध्ये चित्राचा स्वतंत्र विषय झाले. व्हर्मीरने 1660 च्या सुमारास डेल्फ्ट रंगवले, तर यान व्हान डर हेडन भिंतीतली वीट न् वीट वेगळी दिसेल इतक्या चिकाटीने काम करत असे. ॲमस्टरडॅमचे रस्त्यावरचे दिवे आणि आगीच्या बंबांचे सुधारलेले नळ हेही याच चित्रकाराचे काम, आणि मला या दोन्हींमागे शहराविषयीची एकच आस्था दिसते. पुढे गास्पार व्हान विटेल या डच चित्रकाराने 1670 च्या दशकात ही नजर रोमला नेली. अशा चित्राला इटालियनमध्ये ‘वेदुता’, म्हणजे दृश्य, म्हणतात.

व्हेनिसचा कानालेत्तो (1697–1768) हा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याचा मुलगा, आणि वडिलांच्या हाताखालीच तो शिकला. प्रेक्षकाला कुठून काय दिसावे, हे ठरवण्याची त्याची हातोटी तिथली आहे. त्याचे गिऱ्हाईक प्रामुख्याने युरोपच्या सफरीवर निघालेले श्रीमंत इंग्रज, आणि त्यांच्यापर्यंत चित्रे पोहोचवण्याचे काम व्हेनिसमध्ये स्थायिक झालेला जोसेफ स्मिथ करत असे. साहजिकच पुढच्या चित्रांत स्वच्छ ऊन, मोकळे कालवे आणि उत्सवी नौका वाढत गेल्या. ऑस्ट्रियाच्या वारसायुद्धामुळे प्रवासी रोडावले, तेव्हा 1746 मध्ये कानालेत्तो स्वतःच इंग्लंडला गेला.

मला मात्र त्याचे 1725 च्या सुमाराचे, लंडनच्या नॅशनल गॅलरीतले ‘पाथरवटाचे आवार’ सर्वांत मोलाचे वाटते. समोर दगडांचे ओबडधोबड ठोकळे पडले आहेत, एक कारागीर गुडघे टेकून छिन्नी चालवतो आहे, खिडकीच्या कट्ट्यावर कोंबडा उभा आहे, आणि खाली डावीकडे एक मूल धडपडून उताणे पडले आहे, त्याला उचलायला आई हात पसरून धावते आहे. कालव्यापलीकडच्या चर्चचा जो उंच मनोरा दिसतो, तो 1744 मध्ये कोसळला. ते चर्च आज आकादेमिया या चित्रसंग्रहालयाचा भाग आहे.

कानालेत्तोची रेखाटनवही त्याच संग्रहालयात आहे. तिच्यात तो एकेक इमारत टिपून शेजारी रंगांच्या नोंदी करतो आणि लागोपाठच्या पानांवर काठाचे तुकडे जोडत जातो. कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगातून कागदावर दृश्य पाडणारी पेटी, त्याने कितपत वापरली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तयार चित्रांत तो दोन जागांवरून दिसणारी दृश्ये एकत्र करी आणि गरजेप्रमाणे इमारती थोड्या सरकवी, हे मात्र प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिल्यावर कळते.

तरीही तपशिलाची शिस्त किती पक्की होती, ते शेवाळावरून समजते. कालव्याकाठच्या भिंतींवर भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर हिरवट पट्टा उमटतो, आणि कानालेत्तो व त्याचा भाचा बेर्नार्दो बेल्लोत्तो तो पट्टा काळजीपूर्वक रंगवत. इटालियन संशोधकांनी चित्रांतले पट्टे आजच्या भिंतींवरच्या पट्ट्यांशी ताडून पाहिले आणि व्हेनिस तेव्हापासून समुद्राच्या तुलनेत 60 सेंटिमीटरच्या आसपास खाली गेले आहे, असा अंदाज मांडला.

हाच बेल्लोत्तो पुढे पोलंडच्या राजाचा दरबारी चित्रकार झाला आणि त्याने वॉर्साचे रस्ते व वाडे रंगवले. 1944 च्या उठावानंतर जर्मन सैन्याने ते शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. युद्धानंतर ते पुन्हा उभारताना वास्तुविशारदांनी युद्धापूर्वीच्या मोजमापांच्या आराखड्यांबरोबर बेल्लोत्तोची चित्रेही समोर ठेवली. ती चित्रे आज तिथल्या राजवाड्यात लावलेली आहेत, आणि तो राजवाडाही पायापासून नव्याने बांधलेला आहे.