बी-५२ हे अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान अणुबॉम्बसाठी बनवलं होतं, मग साध्या युद्धात त्याचा वापर कसा झाला?

बी-५२ बनवलं सोव्हिएत युनियनवर अणुबॉम्ब टाकायला, पण प्रत्यक्ष युद्धात त्याने आजवर टाकले ते सगळे साधेच बॉम्ब. सुरुवात जून १९६५ मध्ये, ग्वाम बेटावरून उडून व्हिएतनामच्या जंगलावर. नंतर बी-५२डी या प्रकारात बदल करून एका विमानात १०८ बॉम्ब बसवले, म्हणजे साधारण २७ टन! तीन विमानं एकत्र जायची आणि जवळपास १ किमी रुंद, ३ किमी लांब पट्टा उद्ध्वस्त करायची, खाली असलेल्यांना विमान दिसायचं पण नाही इतक्या उंचीवरून.

पण हे विमान अजिंक्य वगैरे नव्हतं हां. डिसेंबर १९७२ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या हनोई-हायफाँग या शहरांवर बी-५२ ने ११ रात्री हल्ले केले, सुरुवातीला रोज तोच रूट, तीच उंची, बॉम्ब टाकून तसंच वळायचं, मग समोरच्यांना अंदाज येणारच ना, तिसऱ्या एकाच रात्री त्यांनी ६ पाडली आणि एकूण १५ गेली. नंतर प्लॅन बदलला तेव्हा नुकसान कमी झालं. हनोईतल्या खाम थिएन रस्त्यावरची वस्ती आणि बाक माई हॉस्पिटल यांच्यावरही बॉम्ब पडले, आणि माझ्या मते अशा बॉम्बिंगबद्दल बोलताना फक्त टनांचे आकडे सांगणं चूकच आहे.

१९९१ च्या आखाती युद्धात तर अमेरिकेतल्या लुइझियानातून निघून, हवेतच इंधन भरत, इराकवर क्रूझ मिसाईल सोडून परत, सलग सुमारे ३५ तास उड्डाण!