कढीपत्त्यावरची अळी पाळताना

ताई, साताऱ्यात अळी शोधायला अजिंक्यताऱ्यावर चढायची गरज नाही, परसातला कढीपत्ता बघा. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असू शकते. चार वेळा कात टाकते, शेवटच्या टप्प्यात हिरवीगार होते. डिवचलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं तांबूस शिंग काढते, उग्र वास येतो. घाबरू नका, चावत नाही.

पानं रोज ताजी, घरच्याच झाडाची द्या. मंडईतली जुडी नको. फवारलेल्या पानांनी माझ्या पहिल्या पाच अळ्या एका रात्रीत गेल्या, अजून वाईट वाटतं.

खाणं सोडून ती भटकू लागली की बरणीत उभी काडी ठेवा. कमरेला रेशमी धागा बांधून ती कोष करते. आता हात लावायचा नाही. आत अळीचे बरेचसे अवयव विरघळून नवे घडतात. पंखांचे अंकुर मात्र अळीच्या अंगात आधीपासूनच असतात! इतक्या वर्षांनीही मला याचंच सगळ्यात नवल वाटतं.

बाहेर येताना पंख ओले, चुरगळलेले असतात. लटकून ते पसरायला मोकळी जागा लागते. दोनेक तास थांबा, पाऊस उघडला की अंगणात सोडा.