रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांची शिल्पं करायचीत? मग आधी हे वाच

तू विचारलंस सुरुवात कुठून करू, तर माझं ऐक, चिरडलेलं शरीर हुबेहूब करू नकोस. लोक बघतात, तोंड फिरवतात आणि पुढे जातात, त्यात तो प्राणी हरवतो. तो कसा जगत होता ते दाखव. साप रात्री रस्त्यावर का येतो, तर दिवसभर तापलेलं डांबर उबदार असतं म्हणून, घुबड कडेच्या गवतातल्या उंदरांमागे अगदी खालून उडतं, बेडूक पहिल्या पावसात पाण्याकडे निघालेले असतात. त्या क्षणाची पोझ पकड, शिल्प आपोआप बोलतं.

अभ्यासासाठी फोटो आणि म्युझियममधले सांगाडे वापर. मेलेल्या प्राण्याला हात लावू नकोस प्लीज, रोगाचा धोका असतो आणि बऱ्याच ठिकाणी वन्यप्राण्याचे अवशेष विनापरवाना उचलणं गुन्हा आहे. शिवाय हायवेवर थांबून स्केच वगैरे अजिबात नाही!!

पहिल्यांदा टेराकोटाच घे, ब्रॉन्झ खर्चिक पडतं. शिल्प आतून पोकळ कर आणि पूर्ण वाळल्याशिवाय भट्टीत घालू नकोस, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं. माती वाळताना नि भाजताना आकसते, साधारण 10 टक्के धर, म्हणून मूळ साइज मोठी घे.

आणि शिल्प रस्त्याच्या अगदी कडेला नको, खरा प्राणी समजून कोणी अचानक ब्रेक मारेल. परवानगी घेऊन जरा आत, लोक पायी थांबू शकतील अशा जागी ठेव.