वाचकांचे प्रश्न : ‘फॉल्ट लेव्हल’चं पत्र कुणाकडे मागायचं?

प्रश्न : आमची सात मजली सोसायटी मुंबईच्या पश्चिम उपनगरात आहे. मीटर रूममधला मेन पॅनल बदलायचाय. कंत्राटदार म्हणतो, वीज कंपनीकडून ‘फॉल्ट लेव्हल’चं पत्र आणा, त्याशिवाय ब्रेकर मागवता येणार नाही. हेल्पलाइनला फोन केला तर त्यांनी तक्रार नोंदवून माणूस पाठवला. त्याने लाइट चालू असल्याचं बघितलं आणि तक्रार बंद केली. हे पत्र देतं कोण?
— सोसायटीचे सचिव

उत्तर : ‘फॉल्ट लेव्हल’ म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर त्या ठिकाणी किती करंट वाहू शकतो तो आकडा. ब्रेकरला तेवढा करंट तोडता आला पाहिजे. हेल्पलाइन असते ती वीज गेल्याच्या आणि बिलाच्या तक्रारींसाठी. तिथे हा प्रश्न कितीही वेळा नोंदवला तरी लाइनमनच येणार. अर्ज लेखी करा आणि तुमच्या भागातलं वितरण जाळं सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या नावे विभागीय कार्यालयात द्या. इतर भागांतल्या वाचकांना बेस्टची वीज असेल तर त्यांच्या वॉर्डाचं कस्टमर केअर कार्यालय, महावितरण असेल तर उपविभाग. सोसायटीचं लेटरहेड, सचिवांची सही, कॉमन मीटरच्या ताज्या बिलाची प्रत आणि कंत्राटदाराच्या लायसन्सची प्रत, एवढं पुरतं. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर पुढे पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार?

आता मजकूर. ‘आमच्या इमारतीची फॉल्ट लेव्हल कळवावी’ एवढंच लिहिलंत तर बहुतेक उत्तर येत नाही. आलंच तर ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) बाजूचा आकडा येतो आणि तो तुमच्या पॅनलच्या उपयोगाचा नसतो. कंपनीच्या दफ्तरात तुमच्या मीटर रूमचा आकडा तयार नसतो, तो काढायला लागणारे आकडे असतात. म्हणून तेच मागा. पुरवठा देणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किती केव्हीएचं, व्होल्टेज किती, आणि नेमप्लेटवरचा टक्के इम्पिडन्स (रोहित्राचा आतला अडथळा) किती. रोहित्रापासून तुमच्या कटआउटपर्यंतची (कंपनीच्या फ्यूजच्या पेटीपर्यंतची) केबल किती चौ. मिमीची, तांब्याची की ॲल्युमिनियमची, किती मीटर, एक की दोन समांतर. वाटेत फीडर पिलर (रस्त्यावरची वीज वाटणारी पेटी) असेल तर तिथला फ्यूज किती अँपिअरचा. कोणत्या ठिकाणचा आकडा हवा तेही लिहा : ‘मीटर रूममध्ये येणाऱ्या कंपनीच्या कटआउटशी’.

हे हातात आलं की पुढचा हिशेब कंत्राटदाराने करायचा. समजा, रोहित्र १००० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट आणि इम्पिडन्स ५ टक्के. त्याचा पूर्ण भाराचा करंट साधारण १३३३ अँपिअर. त्याला ०.०५ ने भागलं की रोहित्राच्या टोकाशी शॉर्ट सर्किटचा करंट सुमारे २६.७ केए (किलोअँपिअर, म्हणजे २६,७०० अँपिअर) येतो. तिथून ३०० चौ. मिमी ॲल्युमिनियमची ५० मीटर केबल धरली तर मीटर रूममध्ये तो साधारण १७ केएवर उतरतो. तीच केबल ९५ चौ. मिमीची आणि १०० मीटर असेल तर ७ केएच्याही खाली. एकाच रोहित्रावरच्या दोन शेजारी इमारतींत एवढा फरक पडू शकतो. म्हणून ‘शेजारच्या सोसायटीने जो लावला तोच लावू’ हे धोक्याचं. जिथे १७ केए येऊ शकतो तिथे मागे काहीही संरक्षण न ठेवता ६ केएपर्यंतच तोडू शकणारा एमसीबी (छोटा ब्रेकर) लावला, तर शॉर्टच्या वेळी तो करंट तोडण्याऐवजी स्वतःच फुटतो. कटआउटमध्ये एचआरसी (मोठा करंट सुरक्षित तोडणारा) फ्यूज असेल तर तो बराचसा भार आधीच झेलतो. त्यामुळे त्या फ्यूजचं रेटिंग पत्रात आलंच पाहिजे.

एक गोष्ट बहुतेक अर्जांत राहून जाते. मुंबईत ११ केव्हीचं जाळं रिंगसारखं जोडलेलं असतं आणि बिघाडाच्या वेळी पुरवठा दुसऱ्या बाजूने दिला जातो. पुढेमागे रोहित्रही बदलतं. ६३०च्या जागी १००० केव्हीए बसवलं तर तुमचा आकडा वाढतो. म्हणून ‘सर्वाधिक आणि सर्वांत कमी’ असे दोन्ही मागा. ब्रेकर पुरेसा मजबूत आहे ना, हे सर्वाधिक आकड्यावरून ठरतं. दूरच्या टोकाला शॉर्ट झाल्यावर तो वेळेत ट्रिप होईल ना, हे कमीवरून. नुसता ५० केएचा महाग ब्रेकर घेऊन ‘आता काळजी नाही’ म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजू पाहिलेलीच नसते.

पत्र आलं नाही म्हणून काम अडवून ठेवू नका. रोहित्राची केव्हीए आणि टक्के इम्पिडन्स एवढंच कळलं तरी केबल नाहीच असं धरून जो आकडा येतो, तो ब्रेकरची ताकद ठरवायला सुरक्षित असतो, थोडा खर्चिक इतकंच. नेमप्लेट कंपनीच्या माणसाकडूनच वाचून घ्या. सबस्टेशन तुमच्याच आवारात असलं आणि दार उघडं दिसलं, तरी आत जायचं नाही.

प्रश्न : जुन्या इमारतीत माझा दातांचा दवाखाना आहे. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो. कंपनी म्हणते, आमच्याकडून बरोबर आहे. त्यांच्याकडे नोंद मागता येते का?
— एक दंतवैद्य

उत्तर : मागता येते. पण आधी दोष कुणाच्या बाजूला आहे ते पाहून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच फेटाळला जाईल. वायरमनकडून एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या : मीटरशी आणि कॉम्प्रेसरच्या सॉकेटशी. वेळ संध्याकाळची, कॉम्प्रेसर चालू असताना. मीटरपासून २५ मीटरवर २.५ चौ. मिमी तांब्याची वायर १६ अँपिअर वाहत असेल तर जाऊन येऊन सुमारे ६ व्होल्ट तिच्यातच जातात. जुन्या इमारतीत वाटेत सैल जोड असतील तर आणखी. हा फरक तुमच्या वायरिंगचा. त्याचं उत्तर कंपनी देणार नाही.

मीटरशीच कमी असेल तर मात्र प्रश्न त्यांचा. घरगुती आणि छोट्या व्यावसायिक पुरवठ्याला घोषित व्होल्टेजच्या अधिक-उणे ६ टक्क्यांची मर्यादा असते. घोषित व्होल्टेज २३० की २४०, ते अर्जातच विचारा, कारण २३० धरलं तर २१६ ते २४४ आणि २४० धरलं तर साधारण २२६ ते २५४ अशा मर्यादा येतात. दुपारचं, संध्याकाळचं आणि रात्रीचं वाचन आठवडाभर तारीख-वेळेसह लिहून अर्जाला जोडा. सोबत तीन मागण्या करा : मीटरमध्ये साठलेली व्होल्टेजची नोंद, रोहित्राच्या टॅपची (व्होल्टेज वर-खाली करायच्या सोयीची) सध्याची स्थिती, आणि मीटरशी काही दिवस लॉगर (व्होल्टेज सतत नोंदवणारं यंत्र) लावणं. सकाळी अकराला येऊन एकदा मीटर टेकवून ‘ठीक आहे’ लिहिणाऱ्या तपासणीला मान्यता देऊ नका. संध्याकाळची वेळ अर्जातच लिहा.

व्होल्टेज कधी खूप वर आणि कधी खाली, दिवे एकदम झगझगीत आणि लगेच मंद, असं होत असेल तर अर्ज-बिर्ज सोडा. न्यूट्रल (परतीची तार) सैल असण्याची शक्यता आहे. मेन बंद करा आणि तातडीची तक्रार नोंदवा. ती हेल्पलाइनलाच.

प्रश्न : मला घरी ७.४ किलोवॅटचा ईव्ही चार्जर बसवायचाय. बिल टाटा पॉवरचं येतं, पण इमारतीतली केबल अदानीची असल्याचं वायरमन सांगतो. लोड शिल्लक आहे का, हे कुणाला विचारू?
— एक वाचक, उपनगर

उत्तर : याला चेंजओव्हर ग्राहक म्हणतात. २००९ पासून उपनगरांत अशी सोय आहे : वीज एका कंपनीची, तारा दुसरीच्या. तुमचं कनेक्शन तसं आहे का, हे बिलावर बघा. स्वतःची वेगळी केबल टाकून घेतलेली असेल तर तो स्विचओव्हर, आणि मग सगळं एकाच कंपनीकडे. चेंजओव्हरमध्ये रोहित्र, केबल, फ्यूज यांची माहिती तारांच्या मालकाकडे असते. अर्ज मात्र ज्यांचं बिल येतं त्यांच्याकडे द्या आणि ‘तारांच्या मालकाकडून माहिती घेऊन कळवावी’ असं स्पष्ट लिहा. दोन्हीकडे अर्ज दिलात तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

‘रोहित्रावर लोड शिल्लक आहे का’ असा नुसता प्रश्न विचारून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा सरळ वाढीव लोडचा अर्ज करा. मग कंपनीला जागेची पाहणी करून शक्य-अशक्य सांगावं लागतं आणि केबल बदलावी लागणार असेल तर अंदाजपत्रकही द्यावं लागतं. तुमचा चार्जर एकटा ३२ अँपिअर घेतो, तोही तासन्‌तास. मंजूर भार बिलावर छापलेला असतो. त्यात एसी, गीझर आणि हा चार्जर एकाच वेळी बसतात का ते आधी बघा. सोसायटीत चार-पाच जण चार्जर लावणार असतील तर एकेकट्याने अर्ज न करता एकत्र करा. पहिल्याला मंजुरी आणि पाचव्याला केबल बदलण्याचा खर्च, असं भांडण नंतर होतं.

प्रश्न : मुलुंडला आमचं महावितरण आहे. ही माहिती माहिती अधिकारात मिळेल का?

उत्तर : महावितरण आणि बेस्ट दोन्ही सार्वजनिक संस्था, तेव्हा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्पही चालतो. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. फक्त एक ध्यानात ठेवा : दफ्तरात जे आहे तेच मिळतं, तुमच्यासाठी हिशेब करून कुणी देत नाही. ‘फॉल्ट लेव्हल किती’ विचारू नका. ‘अमुक क्रमांकाच्या रोहित्राच्या नेमप्लेटवरील तपशील व अखेरच्या तपासणीच्या अहवालाची प्रत’ असं मागा. रोहित्राचा क्रमांक बिलावर ग्राहक क्रमांकाच्या आसपास डि.टी.सी. या ओळीत सापडतो. संपूर्ण भागाचा केबल नकाशाही मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन तो बहुधा नाकारतात. तुमच्या कनेक्शनपुरतंच मागा. कागद कोणते आहेत हेच ठाऊक नसेल तर दफ्तर पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास मोफत असतो.

साध्या अर्जाला उत्तर येत नसेल तर दुसरी वाट म्हणजे कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि शेवटी विद्युत लोकपाल. ती खासगी कंपन्यांनाही लागू आहे.

प्रश्न : लालबागच्या चाळीत आमच्या मीटर बोर्डावर अर्थिंगची तारच नाही. ती कंपनीने द्यायची की आम्ही?

उत्तर : पुरवठा सुरू होतो त्या ठिकाणी ग्राहकाच्या वापरासाठी अर्थचं टर्मिनल ठेवणं हे कंपनीचं काम. त्याच्या पुढची घरातली तार, जोड आणि आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) तुमचं. थ्री-फेज पुरवठा असेल तर त्याबरोबर स्वतःचं वेगळं अर्थिंगही करावं लागतं. अर्जात दोन गोष्टी विचारा : टर्मिनल नेमकं कुठे आहे, आणि ते केबलच्या आर्मरला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) जोडलंय की वेगळ्या अर्थ इलेक्ट्रोडला (जमिनीत पुरलेल्या पट्टीला किंवा सळईला). पुष्कळ चाळींत ते मुळात होतं, पण रंगकामात किंवा बोर्ड हलवताना तुटलं. तसं असेल तर जोडून द्यायला सांगा. मिळेपर्यंत न्यूट्रलवरून अर्थ घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. न्यूट्रल तुटला की फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट करंट येतो. तोवर आरसीसीबी बसवून घ्या. तो अर्थची जागा घेत नाही, पण शॉक लागल्यावर करंट तोडतो. आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.