नागपूरच्या मे महिन्यात गॅलियम कुठं ठेवायचं? (वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं)

या खेपेला पत्रं कमी अन् व्हॉइस नोटच जास्त आल्या, त्यातली एक तर मागे कुलरचा आवाज इतका की प्रश्न तीनदा ऐकावा लागला. असो. केमिस्ट्रीचे चार प्रश्न घेतले.

प्रश्न : सर, मुलगा शाळेत इंग्रजीत शिकतो अन् घरी यूट्यूबवर हिंदीतून बघतो. मी त्याला म्हटलं पाण्यात हायड्रोजनचे दोन अणू अन् ऑक्सिजनचा एक अणू असतो, तर म्हणे आई तुझं चुकलं, अणु तर पूर्ण पाण्याचा असतो, हायड्रोजनचा परमाणु असतो. आमच्यात कोण बरोबर?
– मानेवाड्याहून एक आई

उत्तर : ताई, दोघंही बरोबर आहात, भांडू नका. मराठीत ॲटमला अणू म्हणतात अन् मॉलिक्यूलला रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु अन् मॉलिक्यूल म्हणजे अणु. शब्द तोच, पण एक पायरी सरकलेला. पुण्याच्या पोराला ही अडचण सहसा येत नाही, आपल्याकडे घरात मराठी, चौकात हिंदी अन् शाळेत इंग्रजी, त्यामुळे इथं हे हमखास होतं. मी स्वतः एकदा एका पोराचे 'पाण्याचा अणु' लिहिल्याबद्दल मार्क कापले होते, नंतर कळलं की तो हिंदी माध्यमातून आला होता अन् त्याच्या हिशेबानं त्यानं अगदी बरोबर लिहिलं होतं. मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. एक खूण सांगतो, हिंदीतला अणु ऱ्हस्व लिहितात अन् मराठीतला सुटा अणू दीर्घ, पण अणुअंक, अणुऊर्जा असे जोडशब्द आले की आपणही ऱ्हस्वच लिहितो, म्हणून या खुणेवर फार विसंबू नका. मुलाला सरळ विचारा, 'तू ॲटम म्हणून राहिला का मॉलिक्यूल?' विषय संपला.

प्रश्न : सर मी नववीत आहे. मॅग्नेशियम अन् मँगनीज यात माझा नेहमी गोंधळ होतो, एमजी कोणतं अन् एमएन कोणतं तेच राहत नाही. आमच्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत तरी.
– रामटेकहून एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, तुझा दोष नाही, ही दोन्ही नावं एकाच जागेवरून आली आहेत. ग्रीसमध्ये मॅग्नेशिया नावाचा भाग आहे, तिथल्या नावावरून एका पांढऱ्या पदार्थाला अन् एका काळ्या दगडाला जवळपास सारखीच नावं पडली. पांढऱ्यातून पुढं मॅग्नेशियम निघालं, काळ्यातून मँगनीज. आता तू काळा दगड लक्षात ठेव, मनसर, कांद्रीकडे जे ट्रक भरून जातात ना तो. तो एमएन, अणुअंक २५, पोलादात घालतात. विहिरीत टाकायचं ते जांभळं पोटॅशियम परमँगनेट, त्यातही हाच. अन् एमजी म्हणजे १२ नंबरचं, प्रयोगशाळेत जी पांढरीशुभ्र जळणारी फीत सर दाखवतात ती, शिवाय झाडाच्या हिरव्या रंगात म्हणजे क्लोरोफिलमध्ये असतं.

हे १२ अन् २५ म्हणजे त्या अणूच्या पोटातले प्रोटॉन. एक प्रोटॉन वाढला की मूलद्रव्यच बदलतं, दगडाचा रंग किंवा तो किती जड आहे यानं नाही.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की नेहमीच्या तापमानाला फक्त दोन मूलद्रव्यं द्रव असतात, पारा अन् ब्रोमीन. पण नेहमीचं तापमान म्हणजे कुठलं? आपल्याकडे तर मे महिन्यात ४५ जातं!
– धरमपेठेतून एक वाचक

उत्तर : बाप्पा, इतका चांगला प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता. पुस्तकातलं नेहमीचं तापमान बहुतेक २५ अंश सेल्सियस धरलेलं असतं, ते पुस्तक नागपुरात बसून कोणी लिहिलेलं नसतं. आपल्या मे महिन्यात ही यादी दोनावरून निदान पाचावर जाते. सिझियम २८.५ अंशाला वितळतं, गॅलियम २९.८ ला अन् रुबिडियम ३९.३ ला. सिझियम अन् रुबिडियम तर हवा लागली की पेट घेतात म्हणून काचेच्या नळीत हवाबंद ठेवावे लागतात, त्यांचं सोडा. पण गॅलियम हातात घेता येतं, चांदीसारखं दिसतं, थंडीत तळहातावर ठेवलं तरी अंगाच्या उबेनं वितळतं, अन् आपल्याकडे दुपारी कपाटात ठेवलं तरी पाणी पाणी. काचेच्या बाटलीत मात्र काठोकाठ भरू नका, कारण हे पाण्यासारखंच गोठताना फुगतं, बाटली तडकायची. अन् ॲल्युमिनियमच्या भांड्याजवळ तर नकोच, त्यात शिरून भांडं ठिसूळ करून टाकतं.

याच गॅलियमची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६९ मध्ये रशियात मेंडेलीव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचं टेबल, अणूंच्या वजनाच्या क्रमानं मांडली तेव्हा ६३ च्या आसपास मूलद्रव्यं माहीत होती. त्यानं काय केलं, जिथं ओळीत कोणी बसत नव्हतं तिथं ओढूनताणून काही बसवलं नाही, सरळ जागा रिकामी सोडली. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घराला नाव दिलं एका-ॲल्युमिनियम, हे 'एका' म्हणजे आपल्या संस्कृतातला 'एक' बरं का, एक घर खाली म्हणून. अन् भाकीतही केलं की याचं अणुवस्तुमान, म्हणजे अणूचं वजन, ६८ च्या आसपास असेल, घनता ५.९ असेल अन् हे लवकर वितळेल. सहा वर्षांनी, १८७५ मध्ये, फ्रान्समध्ये बोआबोद्राँ नावाच्या शास्त्रज्ञाला हे मूलद्रव्य, म्हणजे आपलं गॅलियम, सापडलं. त्यानं घनता मोजली तर आली ४.७. मेंडेलीव्हनं धातू डोळ्यानं पाहिलासुद्धा नव्हता, तरी कळवलं की नमुना शुद्ध नसेल, परत मोजून पाहा. परत शुद्ध करून मोजली अन् ५.९ आली!

म्हणून मी पोरांना नेहमी सांगतो की टेबल पाठ करू नका, त्यातली रिकामी घरं अन् शेजारपाजार बघा. आता तो देव होता असंही नाही, त्याच्या वजनाच्या क्रमात आर्गॉन-पोटॅशियमसारख्या काही जोड्या उलट्या पडतात, पोटॅशियम ३९.१ अन् आर्गॉन ३९.९५, म्हणजे वजनानं पोटॅशियम आधी यायला पाहिजे, पण टेबलात आर्गॉन आधी बसतो. याचा उलगडा १९१३ मध्ये मोसली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं क्ष-किरणांनी केला, की क्रम वजनाचा नाही, अणुअंकाचा लावायचा.

प्रश्न : भाऊ, मी सराफ्यात कामाला आहे. काटा ग्रॅमनंतर तीन आकडे दाखवतो पण कुलर चालू असला की शेवटचा आकडा नाचतो अन् गिऱ्हाईक भांडतं. खरं वजन कोणतं धरायचं? अन् १ ग्रॅम सोन्यात अणू किती राहतात हेही सांगा, पोरगी विचारते.
– इतवारी

उत्तर : आधी पोरीचं. शुद्ध सोन्याचं अणुवस्तुमान १९७, म्हणजे १९७ ग्रॅम सोन्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके अणू. भागाकार केला की १ ग्रॅममध्ये येतात साधारण ३ वर २१ शून्यं. जगातल्या ८०० कोटी माणसांना सारखे वाटले तरी प्रत्येकाला ३८ हजार कोटींच्या आसपास मिळतील. २२ कॅरेट असेल तर त्यात सोनं हजारात ९१६ भागच, तेवढे कमी धरा.

आता काट्याचं. तिसरा आकडा म्हणजे १ मिलिग्रॅम, कुलरचा वारा पारड्यावर आला की तेवढा दाब सहज पडतो. कोणत्याही मापाचा शेवटचा आकडा थोडा डगमगताच असतो, म्हणून १० ग्रॅम अन् १०.००० ग्रॅम हे एकच म्हणणं नव्हे, पहिल्यानं फक्त साधारण सांगितलं, दुसऱ्यानं मिलिग्रॅमपर्यंत हमी घेतली. अजून एक, नुकतीच डाख दिलेली गरम अंगठी काट्यावर ठेवू नका, तिच्याभोवतीची हवा तापून वर जाते अन् वजन कमी दिसतं, आधी गार होऊ द्या. तोळ्याचंही तेच, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारात आता १० ग्रॅमला तोळा म्हणतात, तेव्हा पावतीवर ग्रॅमच लिहा. वजन करताना काट्याची काच बंद ठेवा अन् कुलरचं तोंड भिंतीकडे फिरवा, गिऱ्हाइकाला दोन मिनिटं घाम येईल, पण भांडणार नाही.