त्याला पैसे कोण देतं?

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास, होम लोनचा एजंट "चांगला वाटतो", गोड बोलतो, रविवारी पण घरी येतो, म्हणून दोन कोरे चेक सही करून देऊन टाकले. चांगला वाटतो म्हणजे काय रे? आपल्या बार्शीत वाईट वाटणाऱ्याचं दुकान महिनाभर तरी चालेल का?

त्याला एकच विचार. तुला पैसे कोण देतं आणि किती? बँका कमिशन देतात, त्यात चोरी काही नाही, पण जिथं जास्त सुटतं तिकडं फाइल ढकलायचा मोह कुणालाही होतो. जो आकडा तोंडावर सांगेल त्याच्याशी पुढचं बोल, जो "ते सोडा हो" म्हणून हसेल त्याचा चहा पी आणि उठ.

मी नाही विचारलं. 2012 सालची गोष्ट, वडिलांच्या ओळखीचा माणूस, आमच्याकडे गणपतीला जेवायला यायचा, त्याला कमिशन कसं विचारणार? त्यानं फॉर्मवर पेन्सिलीनं फुल्या मारून आणल्या होत्या, फुली दिसली की सही, चाळीसेक तरी केल्या असतील, तुझ्या काकूला तर पोळी लाटता लाटता बाहेर बोलावलं, तिच्या पिठाच्या बोटाचा ठसा अजून माझ्या झेरॉक्सवर आहे. चार महिन्यांनी स्टेटमेंट काढलं तर 68 हजाराचा इन्शुरन्सचा प्रीमियम कर्जातच घातलेला, म्हणजे त्याच्यावरही व्याज. आणि लोन बँकेचं नव्हतंच, हाउसिंग फायनान्स कंपनीचं होतं. पुढं बँकांचे रेट उतरले, माझा ढिम्म.

तू म्हणशील मग लोन बँकेत ट्रान्सफर का नाही केलं. अरे गेलो होतो की! सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चुलत्यांचं नाव राहिलं होतं, कंपनीनं तिकडं कानाडोळा केलेला, बँकेच्या वकिलानं नाही केला, आणि चुलत्यांशी आमचं बोलणं बंद. शिवाय खरं सांगू, त्या माणसाला काय वाटेल हेही होतंच. भीड भिकेची बहीण, पण मला भोळा समजू नकोस, तेव्हा सगळं एका कागदावर मिळत नव्हतं.

तुला मिळतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या होम लोनला केएफएस, म्हणजे कर्जाची मुख्य माहिती एकत्र दिलेला कागद, द्यावंच लागतं, त्यात एपीआर बघ, म्हणजे खर्च धरून वर्षाला पडणारा खरा दर, बँक तुझ्याकडून इन्शुरन्सचे पैसे घेत असेल तर ते त्यात धरलेले असतात, नुसत्या व्याजदराला भुलू नको. फ्लोटिंग रेट असेल तर तो रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते त्याला, जोडलाय का ते विचार, 2019 पासून सरकारी-खाजगी बँकांची अशी नवी लोनं रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दरालाच जोडलेली असतात, फायनान्स कंपन्यांना ती सक्ती नाही. एजंट कंपनीकडंच का ओढतोय? पुन्हा तेच, त्याला कोण देतं, किती देतं!

आणि माणसाची चौकशी त्यानं दिलेल्या नंबरांवर करू नको. दुय्यम निबंधक ऑफिसच्या बाहेरच्या स्टॅम्प व्हेंडरला विचार, कुणाच्या फायली सारख्या परत येतात ते त्याला पाठ असतं. तीन-चार वर्षांपूर्वी या एजंटकडून लोन घेतलेला एखादा गाठ, मागच्या महिन्यातला अजून पेढेच वाटत असतो.

चेक उद्या सकाळी परत आण. लाज वाटत असेल तर माझं नाव सांग, काका फार खवट आहेत म्हण. बुधवारी मी तिथंच टपरीवर आहे, केएफएस घेऊन ये, चष्मा मी आणतो.