वहीतली एक उभी रेघ

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. कंपनीतर्फे परदेशातल्या सामाजिक उद्योगात, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी चालवलेल्या व्यवसायात, चार आठवडे काम करायला तुझी निवड झाली, छान वाटलं. ‘तिथे मी नेमकं काय देऊ शकेन?’ असं विचारलं आहेस. त्याआधी दुसरंच विचार: हे काम मागितलं कोणी? तुमच्या एचआरने, दोघांची गाठ घालून देणाऱ्या मधल्या संस्थेने, की तिथल्या माणसांनी?

नीट उत्तर मिळेना, तर तिथल्या संचालकांशी कॉल लावून घे आणि सध्याची सगळ्यांत मोठी डोकेदुखी कोणती, एवढंच विचार. कामाच्या कागदावर ‘मार्केटिंग स्ट्रॅटेजी’ लिहिलेलं असतं आणि कॉलवर कळतं की वसुली अडकल्यामुळे पगार थकलेत.

असे उपक्रम काही आजचे नाहीत. आयबीएमचा ‘कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर’ २००८ पासूनचा, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचा ‘सोशल सबॅटिकल’ २०१२ चा. आयबीएमच्या उपक्रमात प्रत्यक्ष मुक्काम चार आठवड्यांचा, पण त्याआधी साधारण तीन महिन्यांची तयारी असे. मला त्यातला तोच भाग शहाणपणाचा वाटतो. मुक्कामाचे फोटो सगळे दाखवतात, तयारीचे कोण दाखवणार?

माझी फजिती सांगते. अशा कामावर पहिल्यांदा मी गेले ती मध गोळा करणाऱ्या एका संस्थेत. शेतकरी डबे घेऊन यायचे. वजनकाट्यापाशी बसलेली बाई वजन करायची, मधाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून तो उजेडाकडे धरायची आणि ओलाव्याचा आकडा वहीत टिपायची. ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की मध आंबायची भीती. मी तीन आठवडे खपून झकास स्प्रेडशीट बनवली: मॅक्रो (आपोआप आकडेमोड करणारा छोटा प्रोग्रॅम), रंगीत आलेख, सगळं. निरोपाच्या दिवशी टाळ्या पडल्या. चार महिन्यांनी सहज फोन केला, तर कोणीतरी एका कॉलमचं नाव बदललं होतं आणि मॅक्रो कायमचं बसलं होतं. वही मात्र सुरूच होती.

डब्यांतला मध ज्या पिंपात ओतायचे, त्या पिंपाचा नंबर लिहायला त्या वहीत रकानाच नव्हता. एखादं पिंप आंबलं की त्यात कोणाकोणाचा मध गेला होता, ते शोधायला काहीच मार्ग उरत नसे. म्हणजे खरं काम होतं पानावर एक उभी रेघ मारण्याचं. बाईंनी मला ते दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून ‘हो हो’ म्हणाले होते.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीही बनवू नकोस. माल उतरतो तिथे उभा राहा, बिलं लिहिणाऱ्याच्या शेजारी बस. तुझ्याबरोबर काम करणारं तिथलं माणूस कोण, रोज किती तास देणार, हे कागदावर नावानिशी लिहून घे. त्याला वेळच नसेल, तर तू केलेलं सगळं तुझ्याबरोबर परतीच्या विमानात बसेल. तुमच्या कंपनीच्या लायसन्सवर चालणारं सॉफ्टवेअर तिथे बसवू नकोस. कंपनीचे तयार नमुने वापरायचे असतील तर आधी लेखी परवानगी काढ.

एक बोचरी गोष्टही सांगते. तुझं तिकीट, राहणं, विमा यांचा हिशेब मांडून बघ. कधीकधी तेवढ्या पैशात तिथलाच एखादा चांगला हिशेबनीस काही महिने ठेवता येतो. जे काम तिथे मिळणाऱ्या माणसाकडून होईल, ते तू करू नकोस. घरी बसून कॉलवर होण्यासारखं असेल, तर तसंही कळव, त्यात कमीपणा नाही. आणि ‘आमची कंपनी नक्की मदत करेल’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. तू सहज बोलशील, ते लोक त्यावर पुढच्या वर्षाचं बजेट मांडतील.

बाकी किरकोळ. बिनपगारी काम म्हणजे पर्यटक व्हिसा चालतो, असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. अनेक देश त्यालाही कामच धरतात, दूतावासाला विचार. पीतज्वराची लस लागणार असेल तर ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. हे दिवस तुझ्या रजेतून कापणार की ड्यूटी धरणार, आणि इथलं तुझं काम कोण बघणार, हे साहेबांकडून मेलवर घे. तोंडी ‘बघू रे’वर विसंबलास, तर दिवसा तिथलं आणि रात्री इथलं करत बसशील.

कामाचा कागद आला की सही करण्याआधी मला पाठव. तू निघून आल्यावर ती फाइल कोण उघडणार आहे, हे मी सगळ्यांत आधी शोधीन. नाव दिसलं नाही, तर लाल पेनाने गोल करून परत पाठवीन.

तुझी,
ताई